तळ्याकडे पाठ

देवासाठी जागा मोकळी ठेवणं हा माझा व्यवसाय आहे. ऐकायला फार सात्त्विक वाटतं, पण मी कीर्तनकार नाही आणि आश्रमातही राहत नाही. मी गोरेगावला नोकरी करते.

पौराणिक मालिका तुम्ही बघत असाल, किंवा घरात कोणीतरी बघतं म्हणून तुमच्या कानावर पडत असतील. त्यातले देव गोरेगाव पूर्वेच्या स्टुडिओत हिरव्या कापडासमोर, फायबरच्या खडकावर बसतात. त्यांच्या मागचा समुद्र, अरण्य, हिमालय हे सगळं नंतर संगणकावर चिकटवलं जातं. पण चिकटवायला आधी ते कोणीतरी काढून आणावं लागतं. ते कोणीतरी म्हणजे मी. असल्या पार्श्वभूमीच्या फोटोला आम्ही प्लेट म्हणतो. प्लेट काढताना मधला भाग रिकामा सोडायचा, कारण तिथे देव येणार असतो. बाकीचे फोटोग्राफर चौकटीत काय घ्यावं याचा विचार करतात, मी काय येऊ नये याचा करते. क्षीरसागर मी गोराईला काढला आहे. त्यात आलेल्या कोळ्यांच्या होड्या पुसायला आमच्या ऑफिसातल्या एका बाईचा अख्खा आठवडा गेला आणि ती अजून माझ्याशी धड बोलत नाही.

देवाधर्माचं म्हणाल, तर मेकअपच्या खुर्चीत बसून चहात बिस्किट बुडवणारे इतके देव मी पाहिले आहेत की माझी श्रद्धा त्यातच कधीतरी विरघळली. त्याचं मला फारसं काही वाटत नाही. आईला वाटतं.

एका दुपारी बॉसने मला बोलावलं. तो माझ्याहून वयाने लहान आहे, स्वभावाने बरा आहे आणि भूगोलात कच्चा आहे.

"मानसरोवर पाहिजे," तो म्हणाला. "शंकर-पार्वती काठावर बसून गप्पा मारतात. सीझनभर तिथेच बसणार आहेत ते."

"मानसरोवर चीनमध्ये आहे."

"मग?"

"मग काय मग? मी ट्रायपॉड घेऊन चीनमध्ये घुसू?"

"पँगाँग कर ना यार. तळं ते तळं. कैलास आपण मागून टाकू."

म्हणजे लडाखमधलं ते चौदा हजार फुटांवरचं लांबलचक तळं. त्याचा थोडा भाग आपल्याकडे आहे आणि मोठा भाग सरहद्दीच्या पलीकडे, तिबेटात. मुंबईतल्या प्रत्येक सोसायटीत निदान एक घर असं असतं की ज्याच्या हॉलमध्ये या तळ्यासमोर कुडकुडत हसणाऱ्या नवराबायकोचा फोटो आहे. मी म्हटलं, ठीक आहे. नोकरी आहे, करते. खरी अडचण घरी सांगायची होती.

घरी मी आणि आई, दोघीच. आम्ही विलेपार्ल्याच्या जुन्या सोसायटीत राहतो. आणि आईला मानसरोवराला जायचं होतं. हे वाक्य मला बोलता येऊ लागलं त्याच्या आधीपासून मी ऐकते आहे. बाकीच्यांच्या आयांना काशी पुरते, फार तर चारधाम. आमच्या बाईसाहेबांना थेट कैलास-मानसरोवर. बाबा म्हणायचे, "हिला कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडची मेथी पसंत पडत नाही, जवळपासचा देव कसा चालेल?" ते असताना जाणं जमलं नाही, कारण त्यांचं आजारपण लांबलं आणि ती त्यांना सोडून कुठे हलली नाही. ते गेल्यावर काही महिन्यांनी एक दिवस तिने पाठीवर माझी कॉलेजची सॅक लावली, तिच्यात तांदळाची पिशवी घातली आणि आमच्या इमारतीचे जिने चढायला-उतरायला सुरुवात केली. डोंगराची सवय व्हावी म्हणून. वॉचमनला वाटलं घरात भांडण झालंय आणि आजी सामान घेऊन निघाल्या आहेत. तो तिला रोज समजवायचा, "माँजी, घर चलो, गुस्सा थूक दो."

सरकार यात्रेसाठी अर्ज मागवतं, चिठ्ठ्या काढतं, मग तब्येत तपासतं. आई अर्ज करणार होती त्याच वर्षी साथ आली आणि यात्रा बंद पडली. साथ चालू असतानाच सरहद्दीवर आपलं आणि चीनचं वाजलं. साथ संपली तरी यात्रा बंदच राहिली. त्या काळात आई टीव्हीवरच्या युद्धाच्या बातम्या डोळ्यांत तेल घालून बघायची. लोकांना देशाची काळजी होती, हिला फाटक कधी उघडतं याची. फाटक उघडलं तेव्हा ही सत्तरी ओलांडून गेली होती, आणि सत्तरीच्या वरच्यांना नेत नाहीत असा नियम. तिने दिल्लीला फोन लावला. मी समोरच बसले होते. "भाईसाब, मैं एकदम तंदुरुस्त है, मेरे सामने मेरी बेटीच बुढ्ढी दिखती है," असं तिने त्या अधिकाऱ्याला सांगितलं. भाईसाब बधले नाहीत. नेपाळमार्गे नेणारे खासगी टूरवालेही विचारून झाले, पण मधल्या काळात तिच्या हृदयात स्टेंट बसला होता आणि डॉक्टरांनी उंचीचं नावच काढू नका म्हणून बजावलं. गुडघे तर जिन्यांनी आधीच खाल्ले होते.

तर आईला मानसरोवर दिसणार नव्हतं. तिला माहीत होतं, मला माहीत होतं. मला त्याचं फार वाईट वाटायचं. पण आमच्या घरात एकीला दुसरीचं वाईट वाटलं की आम्ही भांडतो, त्यामुळे ते बोलून दाखवायचा प्रश्न आला नाही.

जेवताना मी शक्य तितक्या सहज सुरात सांगितलं की मी लडाखला चाललेय, पँगाँगचे फोटो काढायला, मालिकेत मानसरोवर म्हणून वापरणार आहेत.

आईने आमटीची वाटी खाली ठेवली. "म्हणजे खोटं मानसरोवर."

"मालिकेत सगळंच खोटं असतं आई. शंकराच्या जटा पण दादरहून येतात."

"जटांचं वेगळं."

"काय वेगळं?"

"जटा बघायला कोणी अर्ज करत नाही." ती उठलीच. "मी बघणार नाही ती मालिका. आणि शेजाऱ्यांना पण सांगणार, बघू नका, आमच्या कार्टीने फसवलंय म्हणून."

त्यानंतर दोन दिवस आमच्यात दूध, गॅस आणि धोब्यापुरतं बोलणं झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती चहा घेऊन माझ्या पलंगाच्या कडेवर येऊन बसली. चहा पलंगावर आला म्हणजे काम आहे, हे मला कळायला हवं होतं.

"ते तळं दक्षिणेला कुठवर जातं?" तिने विचारलं.

"का?"

"बातम्यांत तेव्हा सारखे ओरडत नव्हते का, कैलास रेंज, कैलास रेंज म्हणून? आपल्या जवानांनी शिखरं ताब्यात घेतली म्हणून? ती डोंगरांची रांग त्या तळ्याच्या दक्षिण काठापाशी सुरू होते आणि कैलासापर्यंत जाते. बघ, आहे का नाही तुझ्या फोनमध्ये."

मी फोनवर नकाशा काढला, ती चुकीची ठरावी या एकमेव इच्छेने. ती चुकीची नव्हती. तळ्याच्या खालून डोंगर निघत होते आणि आग्नेयेकडे, सरहद्द ओलांडून, पार तिबेटात सरकत होते.

"देवळाचं दार लागलेलं असलं, आत जाता आलं नाही, तर आपण काय करतो?" आई म्हणाली. "पायरीला हात लावतो आणि येतो. दर्शन झालं म्हणतो ना? तशीच ही कैलासाची पहिली पायरी. तेवढा एक फोटो मला आण. तळं नको. तळ्याकडे पाठ कर आणि त्या डोंगराचा काढ."

"आई, पायरी आणि गाभाऱ्याच्या मध्ये चारशे-साडेचारशे किलोमीटर आहेत."

"मोठा देव आहे. देऊळ मोठंच असणार."

मी चहा प्यायले.

"आणि त्यात गाडी, पाटी, माणूस असलं काही नको," ती पुढे म्हणाली. "तुम्ही मधली जागा मोकळी ठेवता ना, तशी ठेव. मी बसेन तिथे."

ती हसली आणि रिकामा कप घेऊन आत गेली. मी मात्र बराच वेळ अंथरुणात बसून राहिले. आयुष्यभर एक गोष्ट मागितलेल्या बाईने ती सोडून तिचा एक फोटो मागितला होता, तोही चारशे किलोमीटर अलीकडचा. तो तरी तिला मिळालाच पाहिजे, असं मी ठरवलं. मालिकेचं काय व्हायचं ते होवो.

लेहला उतरल्यावर पहिले दोन दिवस मी हॉटेलच्या खोलीत पलंगावर पडून छताकडे बघत श्वास मोजले. पार्ल्यात मी स्टेशनपर्यंत ताडताड चालत जाते, इथे बाथरूमपर्यंत जायचं तर मध्ये बसावं लागत होतं. ड्रायव्हर रोज येऊन दारातून मला बघायचा आणि "कल," म्हणून परत जायचा. तो लेहचाच, माझ्याच वयाचा, बौद्ध. मालिकेचं नाव ऐकल्यावर तो माझ्याशी आदराने वागू लागला, कारण त्याची बायको ती रोज बघत होती. तिच्या नादाने तोही बघायचा, पण ते त्याने तळ्यापर्यंत पोचेस्तोवर कबूल केलं नाही.

तळं पहिल्यांदा दिसलं तेव्हा माझ्या तोंडून शिवी गेली. कौतुकाचीच होती. मी रंगांवर पोट भरते, पण तो निळा कुठला ते मला सांगता येणार नाही. वळणावर गाडी थांबवली, खाली उतरले आणि थोडा वेळ कॅमेऱ्याला हात लावायचंच विसरले. आपण किती लांबून, किती फालतू कारणासाठी इथे आलोय असं वाटलं, आणि तरी आलो म्हणून बरं वाटलं.

हे पावित्र्य काठावर पोचेपर्यंत टिकलं. काठावर रंगीत खुर्च्या मांडल्या होत्या, स्कूटर उभ्या होत्या, गळ्यात प्लॅस्टिकचे हार घातलेला एक याक वैतागून उभा होता. एक नवरी बिनबाह्यांचा लांबलचक गाऊन वाऱ्यावर उडवत होती आणि तिचे दात वाजलेले मला ऐकू येत होते. डोंबिवलीचा एक ग्रुप भडंग खात बसला होता. माझा ट्रायपॉड बघून त्यातल्या एक काकू उठल्याच. "अगं, तुझा कॅमेरा मोठा आहे, आमचा एक काढ ना. ह्यांचं पोट नको घेऊस फक्त." मी काढला. ह्यांचं पोट टाळायचं तर तळं टाळावं लागत होतं, म्हणून मी काकूंना पुढे उभं केलं आणि ह्यांना मागे ढकललं. काम तेच आहे शेवटी.

मग आम्ही गाडी पुढे काढली, गर्दी संपेपर्यंत. एका मोकळ्या काठावर मी कॅमेरा लावला. आता देवाच्या जागी कोणीतरी बसावं लागतं, म्हणजे गोरेगावात बसलेला शंकर डोंगराएवढा किंवा बेडकाएवढा दिसत नाही. शिवाय त्या जागी एक चकचकीत स्टीलचा गोळा धरून त्याचा फोटो घ्यायचा असतो, ऊन कुठून येतंय ते त्यात दिसतं आणि मग स्टुडिओतले दिवे त्याच बाजूने लावतात. देवाच्या जागी बसायला ड्रायव्हरशिवाय दुसरं कोणी नव्हतं.

"कैसे बैठूँ?" त्याने विचारलं.

"महादेव जैसे."

त्याने फुगीर जाकिटासकट मांडी घातली, एका हातात गोळा धरला, डोळे मिटले आणि मान किंचित वर केली. इतका हुबेहूब बसला की आमचा नट तसा एकदाही बसलेला नाही.

"त्रिशूल नहीं है?" त्याने डोळे मिटूनच विचारलं.

"त्रिशूल गोरेगाँव में है."

"घर पे बोलूँगा, महादेव की जगह मैं बैठा था," तो म्हणाला आणि पुन्हा ध्यानात गेला. पाठीमागे सीगलसारखे पक्षी पाण्यावर कलकलाट करत होते. पुढे त्यांना पुसून तिथे राजहंस टाकले.

संध्याकाळी तंबूपाशी फोनला रेंज मिळाली. मी दोन-चार नमुने पाठवले. लगेच बॉसचा फोन आला.

"अगं, कलर खूप फेक वाटतोय."

"खरा आहे तो. तसाच्या तसा."

"खरा असेल गं, पण वाटतोय फेक ना. लोक बोलणार व्हीएफएक्सची वाट लागली. थोडा मारू आपण त्याला. पवईच्या तलावाइतका ठेवू."

मी म्हटलं ठेवा. खोट्या मानसरोवरासाठी खरं तळं शोधायचं आणि ते फार खरं आहे म्हणून त्याला पवई करायचं. या धंद्यात डोकं शाबूत ठेवायचं तर असल्या गोष्टींवर फार विचार करायचा नसतो.

दुसऱ्या दिवशी आईचं काम. नकाशा आणि होकायंत्र घेऊन आम्ही काठाकाठाने दक्षिणेकडच्या शेवटच्या गावाच्याही थोडं पुढे गेलो. तळं तिथून पूर्वेकडे वळतं. आम्ही मात्र आग्नेयेकडे तोंड केलं. समोर डोंगर होता. बर्फ नव्हता, झाड नव्हतं, सांगण्यासारखा आकार नव्हता. नुसता मातकट, उतरता, मोठा डोंगर, त्याच्यामागे तसाच दुसरा. पायथ्याशी पत्र्याच्या शेड, पिंपं, पाण्याचा एक टँकर आणि काटेरी तारा. पाठीमागे तो निळा चमत्कार पसरलेला होता आणि मी त्याच्याकडे पाठ करून ट्रायपॉडचे पाय उघडत होते.

"मैडम," ड्रायव्हर हळूच म्हणाला, "झील पीछे है."

"मुझे मालूम है."

त्याने गाडीतून ऑक्सिजनचा डबा आणून माझ्या हातात दिला. उंचीमुळे माणसं काहीबाही करू लागतात, हे त्याने पूर्वी पाहिलं असणार. मी डबा परत दिला आणि कॅमेरा जरा वर उचलला. शेड कापता येतील का, टँकर चौकटीबाहेर जाईल का, हे बघत होते. मधली जागा छान मोकळी मिळत होती. आई तिथे नीट बसली असती.

"कैमरा नीचे!"

एक जवान शेडकडून चालत आला. बोलण्यावरून दक्षिणेकडचा वाटत होता. रागावलेला नव्हता, पण हात बंदुकीच्या पट्ट्यावर होता.

"फोटो उधर लो मैडम," त्याने माझ्या मागे तळ्याकडे बोट केलं. "इतना अच्छा झील है."

"मुझे झील नहीं चाहिए."

"सबको झील चाहिए," तो म्हणाला, आणि आता त्याचा संशय जागा झाला. त्याने परवाना बघितला, ओळखपत्र बघितलं, मग बॅगेतला स्टीलचा गोळा उचलला. "ये क्या है?"

"ये महादेव के लिए है," मी म्हणाले, आणि म्हटल्यावर माझं मलाच कळलं की हे उत्तर चांगलं नाही.

मग सगळं सांगावं लागलं. मालिका, गोरेगाव, आई, अर्ज, सत्तरी, स्टेंट, पायरी. माझं हिंदी आईपेक्षा फारसं बरं नाही आणि त्या उंचीवर प्रत्येक वाक्यानंतर दम लागत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. मधे एकदा विचारलं, "माँ अभी किधर है?" मी म्हटलं, बंबई. त्याने मान डोलावली.

"फोटो नहीं होगा," तो शेवटी म्हणाला. "इधर मना है."

माझा पारा चढला. "भैया, शेड मैं काट दूँगी. जो बचेगा वो मिटा दूँगी. मिटाना मेरा काम है, उसकी पगार मिलती है मुझे."

"मिटाने से पहले तो कैमरे में आएगा ना?"

तो बरोबर होता आणि मला त्याला ढकलून द्यावंसं वाटत होतं. एवढं मोठं तळं होतं, हजारो माणसं रोज त्याचे हजारो फोटो काढत होती, कोणाला कोणी अडवत नव्हतं. आणि माझ्या आईला हवा होता तो एक भिकार डोंगर, तेवढाच मिळणार नव्हता. त्या बाईच्या नशिबात या दिशेने प्रत्येक वेळी कोणीतरी उभंच असतं हात आडवा करून. मला रडूच यायला लागलं. मी कॅमेरा काढला, बॅगेत टाकला आणि चेन लावताना ती अडकली, तिलाही दोन शिव्या घातल्या.

"मैडम," जवान म्हणाला, "देखना मना नहीं है."

मी वर बघितलं.

"फोटो मना है. देखने का कोई ऑर्डर नहीं. जितना देखना है, देखो."

आणि तो दोन पावलं बाजूला झाला, माझ्या आणि डोंगराच्या मधून.

मग मी उभी राहिले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. हातात कॅमेरा नसला की मला उभं कसं राहायचं तेही कळत नाही. आधी खिशात हात घातले, मग बाहेर काढले. डोंगर होता तसाच होता, प्रकाश नाही, गूढ नाही, काही नाही. टँकरची सावली जरा सरकली. शेवटी मी हात जोडले. कोणी बघत नव्हतं असं लिहिणार होते, पण जवान बघत होता आणि ड्रायव्हरही. मंत्रबिंत्र काही मला येत नाहीत. मी आईचं नाव घेतलं, पार्ल्याची आहे म्हणून सांगितलं. म्हटलं, तिने पाठवलंय मला, तिला येऊ देत नाहीत. तुमच्यासाठी ती तांदूळ घेऊन जिने चढली आहे. माझे डोळे वाहायला लागले. वाऱ्याने पाणी आलं म्हणायची सोय होती, पण वारा पाठीमागून होता.

"हो गया?" जवानाने बऱ्याच वेळाने विचारलं.

"हो गया," मी म्हटलं.

परतीच्या वाटेवर, खिंडीच्या अलीकडे, मी गाडी थांबवून एका डोंगराचा फोटो काढला. मातकट, उतरता, मोठा. मागे तसाच दुसरा. शेड नाही, टँकर नाही, मधली जागा मोकळी. का काढला ते मला माहीत होतं आणि ड्रायव्हरने या वेळी काही विचारलं नाही. विमानात मी तो फोटो कितीतरी वेळा उघडून पाहिला. कोणालाही ओळखता आला नसता. मी रोज गोराईला क्षीरसागर करते आणि घराघरांतली माणसं हात जोडतात. एका बाईला एक डोंगर बदलून देणं मला काय अवघड होतं? ती तो मोठा करून घेणार, देव्हाऱ्याजवळ लावणार, त्यात मधे स्वतःला बसवणार आणि सुखी होणार. विमानतळावरून रिक्षात बसले तेव्हाही माझं ठरलेलं नव्हतं.

आईने दार उघडलं. ती वाट बघत होती हे तिच्या साडीवरून दिसत होतं, घरात ती गाऊनमध्ये असते. मला आत यायलाही तिने जागा दिली नाही.

"आणलास?"

मोबाईल माझ्या हातातच होता. तिच्या तोंडाकडे बघितलं आणि मला ते जमलं नाही.

"नाही," मी म्हटलं. "काढू दिला नाही. सैन्याची जागा आहे, फोटो मना आहे तिथे. मी भांडले पण त्याच्याशी."

"बरं," ती म्हणाली. दाराच्या कडीवरून तिचा हात खाली आला.

"मग तू काय केलंस?" तिने विचारलं.

"उभी राहिले."

"त्या बाजूला तोंड करून?"

"हो."

"बराच वेळ?"

"बराच. जवानच कंटाळला शेवटी."

"हात जोडलेस?"

"जोडले," मी वैतागून म्हटलं. "आता सगळ्या पार्ल्याला सांग."

"काय म्हणालीस?"

"तुझं नाव सांगितलं."

आई माझ्याकडे बघत राहिली. मग तिने एक हात चपलांच्या कपाटावर टेकवला, दुसरा भिंतीला, आणि ती खाली जायला लागली. मला वाटलं हिला चक्कर आली. मी धरायला पुढे झाले तर तिने माझा हात झटकला. यात्रेहून आलेल्या माणसाच्या पाया पडतात, त्यात वय बघत नाहीत, हे मला माहीत होतं. लहानपणी काशीहून आलेल्या एका शेजाऱ्याच्या पाया पडायला तिने मलाही पुढे ढकललं होतं. पण ती मुलीच्या पाया पडेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

"आई, काय करतेस! ऊठ. बूट तरी काढू दे."

"बूट नको काढूस," ती खालून म्हणाली. "तिथली धूळ आहे ना त्याला."

तिने दोन्ही हात माझ्या बुटांवर ठेवले, अगदी नीट, आधी उजव्या, मग डाव्या, आणि ते हात तिने कपाळाला लावले. कपाळावर मातकट डाग उमटला.

"आता उठव मला," ती म्हणाली. "गुडघा अडकलाय."

पण मला तिला उठवता येईना, कारण तोवर मीही तिथेच उंबऱ्यात बसले होते आणि माझं रडणं थांबत नव्हतं.